कोड्याच्या आत पहिलं पाऊल

माझ्या मावशीला शब्दकोड्यांचा जुना नाद. एखादा आडवा शब्द अडला की दिवसभर घरात फिरताना तोच तिच्या तोंडात असतो. व्हिडिओ गेमशी मात्र तिचा कधीच संबंध आला नव्हता. एका संध्याकाळी मी तिला 'पोर्टल' या खेळासमोर बसवलं. पहिली दहा मिनिटं ती कधी छताकडे बघत होती, कधी जमिनीकडे. चालणं आणि बघणं एकाच वेळी काही जमेना. मग ती ज्या काचेच्या खोलीत होती तिच्या भिंतीत एक दार उघडलं. त्यातून तिने पलीकडे पाहिलं, तर तिकडून काचेची एक खोली दिसत होती आणि त्या खोलीत एक बाई उभी होती. मावशी जरा सरकली, तशी ती बाईही सरकली.

"अगं, ती मीच आहे!" मावशी म्हणाली. त्यानंतर तिने मला पुढचा तासभर माऊसला हात लावू दिला नाही.

हा लेख मावशीसारख्यांसाठी आहे. कोड्यांची आवड आहे, पण गेम कधी खेळलेला नाही, किंवा खेळलात तेही गोळीबाराचे किंवा गाड्यांचे, आणि 'फर्स्ट पर्सन पझल' म्हणजे नेमकं काय, लोक त्यात एवढे का रमतात, सुरुवात कुठून करायची, हे कळत नाही. मी हे खेळ बरीच वर्षं खेळते आहे. नवख्या माणसाचं घोडं कुठे अडतं तेही शेजारी बसून पाहिलं आहे.

यात गोडी कशाची

'फर्स्ट पर्सन' म्हणजे पात्राच्या डोळ्यांतून दिसणारं जग. पडद्यावर तुमचं पात्र दिसत नाही. त्याला जे दिसतं तेवढंच तुम्हाला दिसतं. कोड्यांच्या खेळात या एका गोष्टीने फार मोठा फरक पडतो. कागदावरचं कोडं पूर्ण दिसतं. बुद्धिबळाचा पट वरून दिसतो, सगळी माहिती एका नजरेत येते. इथे आपण कोड्याच्या पोटात उभे असतो. खांबामागे काय आहे ते खांबाला वळसा घातल्याशिवाय कळत नाही. डोक्यावर काय आहे ते मान वर केल्याशिवाय दिसत नाही. खोलीचा नकाशा मनातच जोडावा लागतो, आणि निम्मं कोडं तिथेच असतं.

दुसरी गोष्ट मला याहून मोलाची वाटते. बहुतेक खेळांत पात्र हळूहळू बलवान होत जातं. तलवार सुधारते, आयुष्य वाढतं, आकडे वर चढतात. या प्रकारातल्या उत्तम खेळांत पात्र बहुतांशी जसंच्या तसं राहतं आणि वाढते ती तुमची समज. 'आउटर वाइल्ड्स' या २०१९ च्या खेळात तर दर २२ मिनिटांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. एका फेरीतून दुसरीत जातं ते फक्त तुम्हाला जे कळलं ते. शेवटाकडे नेणारी वाट पहिल्या फेरीपासून तिथेच असते, माहीत मात्र नसते.

म्हणूनच या खेळांत उकल सापडण्याचा क्षण एकदाच मिळतो. शब्दकोड्यातला अडलेला शब्द कुणी सांगून टाकला तर दुसरं कोडं घेता येतं. इथे एक नियम एकदा कळला की तो 'न कळलेला' पुन्हा करता येत नाही. पुढच्या सगळ्या सूचना तो क्षण तुमच्या हातून निसटू नये यासाठीच आहेत.

पायरी १: पहिला खेळ निवडा

माझं मत ठाम आहे, 'पोर्टल'पासून सुरुवात करा. हा खेळ ऑक्टोबर २००७ मध्ये व्हॉल्व्ह या कंपनीने काढला. त्याचं मूळ डिजिपेन या संस्थेतल्या विद्यार्थ्यांच्या 'नार्बॅक्युलर ड्रॉप' या २००५ च्या प्रकल्पात आहे. तो पाहून व्हॉल्व्हने त्या विद्यार्थ्यांनाच कामावर घेतलं. खेळ जुना असल्यामुळे साध्या लॅपटॉपवरही चालतो. संगणक नसेल तर निन्टेन्डो स्विच या खेळांच्या यंत्रावर तो आणि त्याचा दुसरा भाग एकत्र मिळतात.

पहिला म्हणून तो उत्तम का? त्यात कल्पना एकच आहे. तुमच्या हातात एक यंत्र असतं. त्याने एका भिंतीवर निळं दार काढता येतं, दुसरीवर नारिंगी. एकातून शिरलात की दुसऱ्यातून बाहेर. मात्र हे यंत्र खेळ सुरू होताच हातात पडत नाही. आधी आपोआप उघडणारी दारं बघायला मिळतात, मग फक्त निळं दार काढणारं यंत्र मिळतं, आणि नारिंगी दार काढण्याची सोय त्याच्या बऱ्याच नंतर येते. दर खोलीत एकच नवी गोष्ट, आणि तीही तुम्ही स्वतः करून शिकाल अशी मांडलेली. लांबीही बेताची आहे. सराईत खेळाडूचा ३-४ तासांत संपतो. नवख्याला दुप्पट लागले तरी दोन-तीन बैठकांत शेवट दिसतो. पहिला खेळ पूर्ण होणं फार महत्त्वाचं असतं.

एक सावधगिरी. उत्तरार्धात गोळ्या झाडणारी लहान यंत्रं येतात आणि थोडी घाईही करावी लागते. मेलात तर काही क्षण मागून पुन्हा सुरू होतं, त्यामुळे भिण्यासारखं काही नाही. तरीही घाई अजिबातच नको असेल तर 'सुपरलिमिनल' घ्या. तोही २०१९ चा आहे. त्यात वस्तू जेवढी दिसते तेवढीच ती होते. हातात उचललेलं सोंगटं दूरच्या भिंतीसमोर धरून सोडलं की ते भिंतीएवढं होऊन खाली पडतं. तो लहान आहे, सौम्य आहे आणि मन प्रसन्न करतो.

पायरी २: खेळण्याआधी डोळ्यांची सोय करा

ही पायरी लोक टाळतात आणि तासाभरात डोकं धरून बसतात. डोळ्यांना दिसतं की आपण चालतोय, वळतोय, पडतोय, आणि कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण खुर्चीत स्थिर आहोत. या दोन साक्षी जुळल्या नाहीत की काही जणांना मळमळ, घाम, डोकेदुखी होते. मलाही सुरुवातीला एका खेळात इतकं गरगरलं होतं की दोन दिवस पडद्याकडे बघवेना. हा प्रकार आपल्यासाठी नाही असं वाटून मी खेळणंच सोडणार होते. दोष फक्त सेटिंगचा होता.

सेटिंगमध्ये जाऊन 'फील्ड ऑफ व्ह्यू' शोधा. एका वेळी किती रुंद दृश्य दिसावं याचं हे माप. जवळून बघत असाल तर ते ९० अंशांच्या आसपास किंवा थोडं वर न्या. अरुंद दृश्य म्हणजे नळकांड्यातून बघितल्यासारखं, त्यानेच बहुधा गरगरतं. हलताना चित्र धूसर करणारा 'मोशन ब्लर' बंद करा. चालताना मान हलल्यासारखी दाखवणारा 'हेड बॉब' असेल तर तोही बंद. माऊसचा वेग कमी ठेवा, कारण नवख्याचा हात झटके देतो आणि झटक्यांनी त्रास वाढतो. खोलीत दिवा लावून बसा, पडद्यापासून जरा दूर. पडद्याच्या मधोमध असणाऱ्या खुणेवर नजर ठेवली तरी बराच आधार मिळतो.

आणि पहिली मळमळ जाणवली की थांबा, लगेच. 'एवढी खोली संपवते आणि उठते' असं केलंत तर तो त्रास संध्याकाळभर पुरतो. सुरुवातीला १५-२० मिनिटांच्या बैठका घेतल्या तर बऱ्याच जणांना काही दिवसांत सवय होते. 'द टॅलोस प्रिन्सिपल'मध्ये अशा त्रासासाठी वेगळ्या सेटिंग आहेत आणि पात्राला मागून बघायचीही सोय आहे. खूपच त्रास होणाऱ्यांनी ते लक्षात ठेवा.

सबटायटल चालू करा. 'पोर्टल'मध्ये एक यांत्रिक आवाज सतत तुमच्याशी बोलत असतो आणि त्याचं बोलणं चुकवण्यासारखं नाही.

पायरी ३: पहिला अर्धा तास फक्त चाला

संगणकावर डावा हात डब्ल्यू, ए, एस, डी या चार बटणांवर आणि उजवा माऊसवर. डावा हात पाय चालवतो, उजवा मान वळवतो. कंट्रोलरवर डावी दांडी चालण्याची, उजवी बघण्याची. वाचायला सोपं आहे, पण हात आणि डोळे जुळायला वेळ लागतो आणि तो लागू द्यावा. उगाच खोलीला प्रदक्षिणा घाला. एखाद्या कोपऱ्याकडे बघत बघत बाजूला सरका. वस्तू उचला, खाली ठेवा, फेका.

'पोर्टल'मध्ये डाव्या क्लिकने निळं दार निघतं, उजव्याने नारिंगी. दोन्ही हातात आली की कोडं सोडवायच्या आधी दोन खेळ जरूर करा. एक, कोपऱ्यातल्या दोन भिंतींवर शेजारी शेजारी दारं काढा आणि आत डोकवा, स्वतःलाच दुसऱ्या बाजूने बघता येतं. दोन, जिथे भिंतीचा प्रकार परवानगी देईल तिथे एक दार जमिनीत आणि दुसरं बरोबर त्याच्या वर छतात काढा. मग उडी मारा. तुम्ही पडतच राहाल. बाहेर कसं पडायचं ते पडता पडता सुचेल. या खेळात उंचावरून पडल्याने इजा होत नाही, पायात त्यासाठीच स्प्रिंगा बसवलेल्या आहेत.

हे खेळणं वेळ घालवणं नव्हे. दार म्हणजे काय हे डोक्याला आधीच कळलेलं असतं, पण अंगवळणी पडतं ते असं.

पायरी ४: खोली वाचायला शिका

नवखी माणसं नव्या खोलीत शिरताच काहीतरी करायला लागतात. बटण दिसलं की दाब, भिंत दिसली की दार काढ. माझी विनंती आहे की पहिलं मिनिटभर काहीही करू नका. जिथे उभे आहात तिथून सावकाश एक पूर्ण गिरकी घ्या. मग वर बघा. वर बघायचं जवळजवळ प्रत्येक जण विसरतो. रोजच्या आयुष्यात छतावर काम नसतं, त्यामुळे मान वर जातच नाही. इथे निम्मी उत्तरं वर असतात.

बघताना मनात यादी करा. बाहेर जायचा दरवाजा कुठे आहे? तो कशाने उघडतो? दरवाज्यापासून निघालेली दिव्यांची रेघ जमिनीवरून कुठल्या बटणाकडे जाते? कोणत्या भिंती फिक्या, काँक्रीटच्या आहेत आणि कोणत्या काळपट, धातूच्या? फिक्या भिंतीवर दार निघतं, धातूवर निघत नाही. म्हणजे भिंतींचे रंग हाही मजकूरच आहे. पूर्ण काळ्या खोलीत उंचावर एकच फिका चौकोन असेल तर तो तिथे मुद्दाम ठेवला आहे आणि तो तुम्हाला लागणार आहे.

ही गोष्ट मनावर घ्या, कारण सगळ्या चांगल्या कोड्यांच्या खेळांना ती लागू होते. खोलीतली जवळपास प्रत्येक वस्तू कामाची असते. हे खेळ बनवताना अनोळखी माणसांना पुन्हा पुन्हा खेळायला बसवतात आणि ती कुठे चुकतात ते बघून खोल्या बदलतात. 'पोर्टल'मधल्या एका खोलीत एक ठोकळा सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोबत न्यायचा आहे. चाचणीला आलेले खेळाडू तो मागेच विसरायचे. मग त्या ठोकळ्यावर हृदयाचं चित्र काढलं, त्याला नाव दिलं आणि त्या यांत्रिक आवाजाला त्याच्याबद्दल बोलायला लावलं. त्यानंतर तो ठोकळा लोकांच्या लक्षात राहिला, तो आजवर.

झिरझिरीत, चमकणारा पडदा दिसला तर त्यातून जाण्याआधी थांबा. त्यातून गेलात की तुमची दारं मिटतात आणि हातातली वस्तू विरघळते. असा पडदा म्हणजे 'मागचं सामान पुढे चालणार नाही' अशी खूण. उलट बाजूने पाहिलं तर, पुढच्या कोड्यासाठी मागच्या खोलीतलं काही लागणार नाही एवढी खात्रीही तो देतो.

पायरी ५: शेवटाकडून मागे या

हे एक उदाहरण घेऊन सांगते. खोली मी मनाने रचली आहे, पण त्यात 'पोर्टल'मधली एक युक्ती फुटते. ती स्वतः शोधायची असेल तर सरळ पुढच्या पायरीवर जा. मला अजिबात वाईट वाटणार नाही.

समजा, बाहेर जायचा दरवाजा समोरच्या उंच ओट्यावर आहे. तो उघडा राहायला जमिनीवरच्या बटणावर सतत वजन हवं. वजनदार ठोकळा एकच आहे, तो डावीकडच्या दुसऱ्या उंच कट्ट्यावर. त्या कट्ट्यामागची भिंत फिकी आहे. खोलीच्या मधोमध एक खोल खड्डा, त्याचा तळ फिका. दरवाज्याच्या ओट्यासमोरच्या भिंतीत वर एक फिका चौकोन, ओट्याकडे तोंड केलेला. दरवाज्याच्या ओट्यावर मात्र सगळं काळं.

पुढून विचार केलात तर दहा गोष्टी करून बघाव्याशा वाटतील. मागून या. मला कुठे पोचायचंय? दरवाज्यात. दरवाजा कधी उघडा असेल? बटणावर ठोकळा असेल तेव्हा. ठोकळ्यापर्यंत कशी जाऊ? तिथली भिंत फिकी आहे, म्हणजे एक दार तिथे, एक माझ्याजवळ. गेले, उचलला, आले, बटणावर ठेवला. अर्धं काम झालं.

आता ओटा. तिथे दार निघत नाही, शिडी नाही. चालत जाता येत नसेल तर उरतं काय? उडत जाणं. उडायला वेग लागतो. वेग कुठून येईल? या खोलीत वेग देणारी एकच गोष्ट आहे, पडणं. आणि पडायला एकच जागा, तो खड्डा. इथे थांबून खड्ड्याच्या तळाकडे आणि समोरच्या त्या एकट्या फिक्या चौकोनाकडे पुन्हा बघा. एक दार तळाला, एक त्या चौकोनात. उडी मारली की खाली जाण्याचा वेग दारातून जाताना आडवा होतो. दिशा बदलते, वेग तेवढाच राहतो. तुम्ही भिंतीतून फेकल्यासारख्या बाहेर येता आणि खोली ओलांडून ओट्यावर उतरता.

हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी खुर्चीत चक्क मागे टेकले आणि थोडा वेळ काहीच केलं नाही. खोली तीच होती, खड्डाही तोच. मघापर्यंत तो अडथळा वाटत होता, आता तो जिना झाला होता. 'यात गोडी कशाची' असं कुणी विचारलं तर माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

पायरी ६: अडकायला शिका

अडकाल. प्रत्येक जण अडकतो, आणि इथे अडकणं म्हणजेच खेळणं. पण अडकण्याचीही रीत आहे.

पहिल्यांदा, करत होता ते थांबवा. तीच चूक सातव्यांदा जास्त जोर लावून करण्यात अर्थ नसतो. उडी दोन-तीन प्रयत्नांत अगदी काठावर चुकत असेल तर बहुधा ती उडी उत्तरात नाहीच. चांगल्या खेळांत योग्य उत्तर हाताच्या चपळाईवर क्वचितच अवलंबून असतं.

मग मोठ्याने बोला. खरंच, आवाज काढून. "इथे दोन बटणं आहेत, ठोकळा एक आहे, लेझर त्या काचेतून जातो." बोलताना एखादं वाक्य घशात अडतं, कारण ते तुम्ही तपासलेलंच नसतं. "ती काच आरपार आहे." असं कोण म्हणालं? जाऊन बघा. अडकलेला माणूस बहुतेक वेळा एका न तपासलेल्या गृहीतावर उभा असतो. मावशी एकदा पाऊण तास अडकली, कारण ठोकळा दारातून आरपार फेकता येतो हे तिच्या मनातच आलं नव्हतं. दारातून माणसंच जातात, हे तिने धरून ठेवलेलं.

तिसरा उपाय, मुद्दाम चुकीचं करा. उत्तर नाही हे माहीत असतानाही एखादी गोष्ट करून बघा, फक्त काय होतं ते पाहायला. यातून नियमाची कड कळते.

आणि शेवटी, उठा. खेळ सेव्ह करा, बंद करा, झोपा. रात्री दीड तास डोकं खाल्लेली खोली सकाळी चार मिनिटांत सुटते, हे माझ्या बाबतीत मोजता येणार नाही इतक्या वेळा झालं आहे.

पायरी ७: मदत मागायची तर थेंबाथेंबाने

उत्तराचा व्हिडिओ बघू नका. एका खेळाच्या शेवटच्या टप्प्यात मी कंटाळून बघितला होता. उत्तर अगदी सुंदर होतं, आणि ते मला सुचायला बहुधा अजून एक रात्र पुरली असती. ती रात्र आता परत येणार नाही. त्या खेळाचं नाव निघालं की मला आजही तीच खोली आठवते.

मदत लागलीच तर खेळून झालेल्या माणसाला विचारा आणि प्रश्न लहान ठेवा. 'इथे मला अजून न शिकलेलं काही लागतं का?' हा सर्वांत उपयोगी प्रश्न. उत्तर 'नाही' असेल तर तेवढ्यानेच निम्म्या वेळा कोडं सुटतं. मग 'मी चुकीच्या कोपऱ्यात बघतेय का?' त्यानंतरच 'कोणती वस्तू मी विसरतेय?' याच्या पलीकडे जाऊ नका.

शेजारी बसणाऱ्यांनाही सांगते, तुमचं उत्तर तोंडात दाबून धरा. समोरचा माणूस चुकीच्या भिंतीकडे चालला आहे हे बघणं कठीण असतं, मला माहीत आहे. तरी बोलू नका. विचारलं तरच बोला, आणि विचारलं तेवढंच बोला. 'पोर्टल २' मध्ये दोघांनी मिळून खेळायच्या स्वतंत्र खोल्या आहेत, दोन यंत्रमानवांच्या. दोघंही नवखे असतील तर त्याच्यासारखी मजा नाही. एकाला उत्तरं माहीत असतील तर त्याने फक्त सांगितलेलं करावं.

वही जवळ ठेवा. 'पोर्टल'ला ती लागत नाही, पण पुढच्या खेळांना लागेल.

पायरी ८: पुढे कुठे

'पोर्टल' संपल्यावर लगेच बंद करू नका. तो पूर्ण केल्यावर निर्मात्यांचं निवेदन चालू करता येतं. खोल्यांमध्ये जागोजागी खुणा येतात आणि ही खोली अशी का झाली ते बनवणारेच सांगतात. खेळ बघायची नजर त्याने बदलते.

मग 'पोर्टल २'. एप्रिल २०११ चा हा दुसरा भाग पहिल्यापेक्षा बराच मोठा आहे, गोष्ट जास्त रंगते, आणि भिंतींना फासायचे द्रव येतात, एकावर उसळी मिळते, एकावर वेग. कोडी सुटी, स्वतंत्र आवडत असतील तर 'द टॅलोस प्रिन्सिपल', २०१४ चा. त्यात दरवाज्यांची यंत्रणा बंद पाडणारी यंत्रं आणि लेझर वळवणारे खांब आहेत. एक कोडं अडलं तर शेजारच्या कोड्याकडे सरळ निघून जाता येतं. मधूनमधून माणूस म्हणजे काय यावर वाचायला भरपूर मजकूर मिळतो. तो टाळूही शकता, पण मी टाळणार नाही.

छायाचित्रांची आवड असेल तर २०२३ चा 'व्ह्यूफाइंडर' घ्या. हातातला फोटो जगासमोर धरून ठेवला की फोटोतली जागा खरी होते, त्यात चालत जाता येतं. चूक झाली तर वेळ मागे नेता येतो, त्यामुळे नवख्यांना निर्धास्त वाटतं. 'अँटीचेंबर' मात्र लगेच घेऊ नका. त्यात मागे वळून पाहिलं की आलेला रस्ता तिथे नसतोच. खोलीवर विश्वास ठेवायचा असतो ही सवय आधी पक्की होऊ द्या, मगच ती मोडण्यात मजा.

छडा लावायचा स्वभाव असेल तर 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन', २०१८ चा. १८०७ साल, रिकामं परतलेलं जहाज, ६० माणसं, आणि प्रत्येकाचं नाव व त्याचं काय झालं हे तुम्ही शोधायचं. उत्तरं तीन बरोबर झाली की एकदम पक्की होतात, त्यामुळे अंदाजाने ठोकून चालत नाही. इथे वही हवीच. या सगळ्यांचा पूर्वज बघायचा असेल तर १९९३ चा 'मिस्ट' आहे. स्थिर चित्रं, एक ओसाड बेट आणि तुमची टिपणं. त्याचा वेग आजच्या माणसाला मंद वाटेल, पण त्यातली शांतता मला अजून आवडते.

आणि 'द विटनेस'. २०१६ चा, जोनाथन ब्लो यांनी बनवलेला. एक निर्मनुष्य बेट, जागोजागी पाट्या आणि पाटीवर एकच काम, सुरुवातीपासून शेवटापर्यंत रेघ ओढणं. नियम काय आहेत हे कुठेही लिहिलेलं नाही. ओळीने लावलेल्या पाट्यांतून ते तुम्हीच ओळखायचे. पहिल्या पाट्या पोराटोराला जमतील इतक्या सोप्या, मग एखादी चूक होते, आणि त्या चुकीतून कळतं की नियम आपण समजत होतो तो नव्हता. अडलात तर बेटाच्या दुसऱ्या टोकाला निघून जा. बऱ्याचदा जे अडलंय त्याचा नियम तिकडेच शिकवलेला असतो. एवढं सांभाळा, की या खेळाबद्दल आधी काहीही वाचू नका, चित्रंही बघू नका. मीही याहून जास्त सांगणार नाही.

मावशी सध्या याच बेटावर आहे. चौकटीच्या कागदांची वही घेतली आहे, तिच्यात रेघा, खोडलेल्या रेघा आणि समासात प्रश्नचिन्हं. परवा मी मागे उभी राहून बघत होते. ती एका पाटीपाशी अडली होती, आणि त्या पाटीचं उत्तर मला माहीत होतं.

"काही बोलायचं नाही हं," ती मागे न बघताच म्हणाली, आणि वहीचं पान उलटलं.